चौथ्या पावलाला

माझे भाऊजी बावीस वर्षं पक्षी होते. रोज सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, मधे जेवणाची अर्धा तास सुट्टी. कागदोपत्री त्यांचा हुद्दा 'संगोपन सहायक' असा होता, पण काम विचाराल तर पक्षी असण्याचंच.

थांबा, नीट सांगते. आमच्या केंद्रात क्रौंचांची अंडी यंत्रात उबवतात. क्रौंच म्हणजे लांब मानेचा, लांब पायांचा, माणसाच्या छातीला लागेल एवढा उंच पक्षी. आता जेमतेम उरलाय. त्याचं पिल्लू अंड्यातून बाहेर आल्याआल्या ज्याला बघेल त्याला आई समजतं. समोर एखादा मिशीवाला माणूस दिसला, तर ते जन्मभर मिशीवाल्यांच्या मागे फिरणार आणि मोकळं सोडल्यावर पहिल्याच शिकाऱ्याच्या गळ्यात पडणार. म्हणून त्याला माणूस दिसूच द्यायचा नाही. अंगात जमिनीपर्यंत लोळणारा पांढरा झगा, तोंडावर जाळी, उजव्या हातात कोपरापर्यंत चढवलेली क्रौंचाच्या डोक्यामानेची बाहुली. त्या बाहुलीच्या चोचीने दाणा टिपून दाखवायचा, पाणी पिऊन दाखवायचं, अळी आपटून दाखवायची. तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. शिंक आली तर आवाराबाहेर धूम ठोकायची.

लोकांना वाटतं, पक्षी वाचवायचे म्हणजे एक दाढीवाला माणूस आणि एक दुर्बीण. अहो, कारखाना असतो तो! झगे धुणारे दोघं, बाहुल्या शिवणारी एक, यंत्रांची कंपनी, पायात घालायच्या कड्यांची कंपनी, अळ्यांचा कंत्राटदार, भेटवस्तूंचं दुकान, पाहुण्यांना फिरवणारे, आणि देणगीदारांना सहा महिन्यांनी अहवाल लिहून पाठवणारी मी. त्या वर्षी अकरा पिल्लं होती आणि त्यांच्या जिवावर आम्ही त्रेसष्ट माणसं पोटाला लागलो होतो. त्रेसष्टांपैकी पिल्लं ओळखत होती फक्त एकाला, आणि त्यालाही पक्षी म्हणूनच.

दिवसभर तोंड शिवून बसलेले भाऊजी घरी आले की धरण फुटायचं. दारात चपला काढतानाच सुरुवात. आज सातव्या पिल्लाने काय केलं, अकराव्याने कशी खोडी काढली. पिल्लांना नाव द्यायचं नाही, नुसता क्रमांक, असा नियम होता. पण भाऊजी 'अकरावी' असं म्हणायचे तेव्हा जणू शेजारच्या घरातल्या लाडोबाबद्दल बोलताहेत असं वाटायचं. बोलता बोलता उजव्या हाताची आपोआप चोच व्हायची. पाची बोटं एकत्र, मनगट वाकवलेलं. मीठ हवं असलं की त्या चोचीने बरणी टिपून दाखवायचे. माझ्या भाचीने आयुष्यात पहिल्यांदा चांदोबा दाखवला तो बोटाने नाही, चोचीने.

हे सगळं ऐकून घ्यायची ती माझी ताई. ती शाळेत खेळाची शिक्षिका. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत येते तीसुद्धा कवायतीला निघाल्यासारखी येते. पाठ ताठ, पावलं मोजलेली, आवाज मैदानाच्या त्या टोकाला जाईल असा. एक बोलघेवडा पक्षी आणि एक शिट्टी, असा तो संसार.

त्या वर्षी उन्हाळ्यात एका रविवारी गच्चीवर शेजारी जमले होते. क्रौंच नाचतात, हे भाऊजींनी त्यांना पूर्वी सांगितलेलं. नाच म्हणजे पंख पसरून उंच उड्या, मान मागेपुढे, पुन्हा उडी. पिल्लांना तो शिकवणंही भाऊजींचंच काम. शेजाऱ्यांनी "दाखवा ना, दाखवा ना" करून त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि छप्पन्न वर्षांचे भाऊजी चढले. दोन उड्या झकास झाल्या. तिसऱ्या उडीला पंख पसरून खाली आले ते थेट कोरफडीच्या कुंडीवर.

डावा गुडघा भोपळ्याएवढा सुजला. सूज उतरली, पण एक खोड राहिली. डावा पाय एकदा सरळ पडायचा आणि दुसऱ्यांदा दगा द्यायचा. म्हणजे दर चौथ्या पावलाला भाऊजी डावीकडे हलकेच झुकायचे.

पण केंद्रात हे कुणाला कळता कामा नये. झग्यातल्या माणसाचे दोन्ही पाय ठणठणीत हवेत असा नियम. जरा काही झालं की झगा परत आणि बदली भेटवस्तूंच्या दुकानात. भाऊजींना त्या दुकानाची धास्ती होती. काचेच्या पेटीमागे उभं राहून कापडी क्रौंच विकायचे, शिट्ट्या विकायच्या, चहाचे मग विकायचे. "त्यापेक्षा मला पेंढा भरून दारात उभा करा," म्हणायचे.

म्हणून केंद्राच्या फाटकापासून झग्याच्या खोलीपर्यंत ते ओठ घट्ट मिटून सरळ चालायचे. कपाळावर घाम यायचा, पण पाऊल झुकू द्यायचे नाहीत. एकदा झगा अंगात चढला, की सुटले! त्या घोळदार कापडात पाय कुणाला दिसतात? मग दिवसभर हवं तसं, गुडघ्याच्या कलाने चालायचं. पुढे भाऊजी, मागे एका ओळीत अकरा पिल्लं.

आणि पावसाळ्याच्या शेवटी केंद्रात बोंबाबोंब झाली. पिल्लांना रोग झाला होता.

अकराच्या अकरा पिल्लं चालताना डावीकडे झुकत होती. कुरणातल्या कॅमेऱ्यात स्पष्ट दिसत होतं. कॅमेरे पिल्लांच्या उंचीला लावलेले, त्यामुळे पडद्यावर दिसायची पिल्लं आणि फार तर झग्याची किनार. आमच्या डॉक्टरांनी पिल्लांची रक्तं तपासली, विष्ठा तपासली, अळ्यासुद्धा तपासल्या. सगळं उत्तम. मग मॅडमनी, म्हणजे आमच्या संचालकांनी, बाहेरून एक मोठे तज्ज्ञ बोलावले. ते तीन पेट्या आणि स्वतःची उशी घेऊन आले. त्यांनी अकरा पिल्लांचे बावीस पाय क्ष-किरणांखाली धरले. हाडं उत्तम, सांधे उत्तम, चाल वाईट. शेवटी त्यांनी रोगाला नाव दिलं, 'चतुर्थपद-झोक विकार', आणि त्यावर निबंध लिहायला घेतला.

डॉक्टरांनी भाऊजींनाही विचारलं, "तुम्ही दिवसभर त्यांच्यात असता. काही वेगळं जाणवतं का?"

भाऊजी अगदी खरं तेच म्हणाले, "नाही बुवा. माझ्यासमोर तर झकास दाणे टिपतात." त्यांच्यासमोर पिल्लं उभी राहून दाणे टिपायची. चालायची ती कायम त्यांच्या पाठीमागे.

आता यात हसण्यासारखं काही नव्हतं. पुढच्या महिन्यात वारा फिरणार होता. दूरदेशी जाणारे रानातले क्रौंच आमच्या डोक्यावरून जायला लागले, की त्यांच्यातच आमची पिल्लं सोडायची. ती वेळ टळली तर टळली. आणि रोगी पक्षी रानात सोडता येत नाही, नाहीतर उरलेल्यांनाही लागण व्हायची. तज्ज्ञांनी लिहून दिलं की आठवडाभरात कारण सापडलं नाही, तर ही अकरा जन्मभर पिंजऱ्यात ठेवा, आणि नवीन अंडी उबवणं बंद. भाऊजींनी हे ऐकलं आणि घरी येऊन गप्प बसले. बावीस वर्षांत पहिल्यांदा ताईने त्या घरात घड्याळाची टिकटिक ऐकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला अहवालासाठी फोटो हवा होता. 'आजारातही मायेची सोबत' असं काहीतरी लिहायचं माझ्या डोक्यात होतं. देणगीदारांना असलं आवडतं. मी कुरणाकडेच्या मचाणावर चढले. तिथून पहिल्यांदाच मी सगळी वरात वरून बघितली. पुढे पांढरा झगा, मागे अकरा पिल्लं. एक, दोन, तीन आणि झग्याची टोपी डावीकडे झुकली. तिच्यामागे अकरा माना एकदम डावीकडे. एक, दोन, तीन, झोक. एक, दोन, तीन, झोक.

मला गच्चीवरची कुंडी आठवली.

मचाणावर हसायला सक्त मनाई आहे. माणसाचा आवाज पिल्लांच्या कानी पडता कामा नये. मी हातातली फाईल दातात धरली. फाईलचा पुठ्ठा फाटला. पोटात कळा यायला लागल्या, डोळ्यांतून पाणी, आणि खाली ते अकरा शहाणे विद्यार्थी मन लावून लंगडत होते. शेवटी मी शिडीवरून घसरत उतरले, वाहनतळापर्यंत पळाले आणि गाडीत काचा वर करून दहा मिनिटं खिदळले. मग एकदम रडूच आलं. कारण खरं सांगितलं तर भाऊजींचा झगा जाणार होता, आणि नाही सांगितलं तर पिल्लांचं आभाळ.

संध्याकाळी ताईच्या घरी गेले. भाऊजी खुर्चीत, पाय स्टुलावर, ताई गुडघ्याला लेप लावत होती.

"ताई, तुला माहीत होतं?"

"गुडघ्याचं? मीच तर रोज शेकते," ताई म्हणाली. "का गं?"

मी सांगितलं. नुसतं सांगून पटेना, म्हणून उठून खोलीभर चालून दाखवलं. एक, दोन, तीन, झोक. ताईच्या हातातलं लेपाचं भांडं कलंडलं. भाऊजींचा चेहरा पांढराफटक पडला.

"म्हणजे माझ्यामुळे?" ते म्हणाले. आणि मग, हळूच, "सगळी? अकराच्या अकरा?"

"अकराच्या अकरा."

"बरोब्बर चौथ्या पावलाला?"

"बरोब्बर."

"काय पोरं आहेत बघ!" भाऊजी म्हणाले, आणि त्यांची छाती अशी फुगली की मला पुन्हा हसू फुटलं. ताईने दोघांकडे असं पाहिलं की शाळेत दंगा करणारा अख्खा वर्ग गार पडावा.

"अहो, कौतुक पुरे," ती म्हणाली. "उद्या काय करणार ते बोला."

भाऊजींनी चोच करून टेबलावरचे नसलेले दाणे टिपले. विचार करताना ते असंच करायचे. "कापडी क्रौंच विकीन," ते म्हणाले. "त्यांनी का पिंजऱ्यात राहावं?"

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता बैठक होती. लांबलचक खोली, टोकाला मोठा पडदा, पडद्यावर पिल्लांची चाल आवाजाविना पुन्हा पुन्हा फिरत होती. टेबलाभोवती मॅडम, डॉक्टर, तज्ज्ञ, आणि कोपऱ्यात कार्यवृत्त लिहायला मी. तज्ज्ञ सांगत होते की हा दोष मेंदूत असावा. तेवढ्यात दार उघडून भाऊजी आत आले. दारापासून रिकाम्या खुर्चीपर्यंत वीसेक पावलं असतील. बावीस वर्षांत झग्याशिवाय कुणी त्यांच्याकडे फारसं पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी ते पहिल्यांदा उघड्यावर, गुडघ्याच्या कलाने चालले. एक, दोन, तीन, झोक. मागच्या पडद्यावर पिल्लं. एक, दोन, तीन, झोक.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "अरे देवा," ते म्हणाले.

"मी कुंडीवर पडलो," भाऊजी म्हणाले. "उन्हाळ्यात. सांगायला हवं होतं, चुकलं. पण पिल्लांना काही झालेलं नाही. ती फक्त माझं ऐकतात."

मॅडम आधी हसल्या. त्यांना हसताना मी नऊ वर्षांत पाहिलं नव्हतं; बिचाऱ्यांना सवय नसल्यामुळे ठसका लागला. मग डॉक्टर हसले, मग मी, माझा तर कालचा हिशेब बाकीच होता. तज्ज्ञ तेवढे म्हणत राहिले, "पण माझा निबंध! माझा निबंध छापायला गेलाय!"

हसणं थांबल्यावर मॅडमनी नियम वाचून दाखवला. झगा काढून घेतला. भाऊजींनी बाहुली टेबलावर ठेवली, तिची पिसं सरळ केली आणि विचारलं, "आता सोडणार ना त्यांना?"

तज्ज्ञ तोंड वाकडं करून म्हणाले की चाल सुधारली तर सोडा, लंगडत्या पक्ष्यावर कोल्हा आधी झडप घालतो. एकोणीस दिवस हातात होते. दुसऱ्या दोघा सहायकांना झगा घालून आत पाठवलं, तर पिल्लं ढिम्म हलेनात. झगा तोच, बाहुली तीच, पण मनगट वेगळं! ती बाहुली कशी मान वळवते, दाणा दाखवण्याआधी कशी दोनदा थबकते, हे भाऊजींशिवाय कुणाला येत होतं?

येत होतं ना. बावीस वर्षं जेवणाच्या टेबलावर ती चोच बघणाऱ्या बाईला येत होतं. आणि तिच्याइतकं सरळ तर आमच्या गावात कुणीच चालत नव्हतं.

मॅडम तयार झाल्या, एका अटीवर. आवाज नाही. ताईचा आवाज त्यांनी शाळेच्या मैदानावरून ऐकलेला होता. ताईने शाळेत रजा टाकली, झगा चढवला, दातांत आडवी पेन्सिल धरली आणि आत गेली. पहिल्याच दिवशी तिने तीन पेन्सिली चावून तोडल्या. पण पिल्लं तिच्यामागे निघाली! मचाणावर मी आणि भाऊजी दुर्बिणीची ओढाताण करत बघत होतो. ती पुढे छडीसारखी ताठ, मागे अकरा जण गोंधळलेले, अर्धे झुकताहेत, अर्धे आठवून सावरताहेत. भाऊजी माझ्या कानात कुजबुजायचे, "तिला सांग, सातवी आळशी आहे. तिला सांग, वळताना थांब." मी चिठ्ठ्या लिहून पोचवायची. घरी आल्यावर ताई पाय शेकत बसायची आणि भाऊजी मीठ मागायचे तेही भीत भीत.

बाराव्या दिवशी दहा पिल्लं सैनिकासारखी चालायला लागली. अकरावी काही बधेना. सगळ्यांत लहान तीच, आणि झग्याच्या अगदी पायाशी चालायची सवय तिलाच. ताईने तिला वेगळी शिकवणी दिली. तीन पावलं कशी देखणी टाकायची, आणि चौथ्याला झोक! शेवटी डॉक्टरांनी तिला पळवून बघितलं, तर वाऱ्यासारखी पळाली. कोल्ह्याच्या हाती लागणारी नव्हती. तज्ज्ञ पेट्या आणि उशी आवरताना म्हणाले, "एक झुकत राहिली तर राहू द्या. अपवाद शोभून दिसतो."

वारा फिरला तशी पिल्लं गेली. एका सकाळी वरून रानातल्या क्रौंचांची रांग चालली होती, ताईने झग्याच्या बाह्या पसरून कुरणभर धाव घेतली आणि अकराच्या अकरा पिल्लं तिला मागे टाकून वर उठली. भाऊजी मचाणाचा कठडा धरून उभे होते. उडताना अकरावी कोणती हे ओळखू येत नव्हतं, आणि त्यांना त्याचंच फार वाईट वाटलं.

मग भाऊजी दुकानात गेले. दोन वर्षं त्यांनी कापडी क्रौंच विकले, आणि सांगायची गोष्ट म्हणजे तिथे त्यांना आठ तास बोलायची मुभा होती! गिऱ्हाईक एक शिट्टी घ्यायला यायचं आणि अंड्यापासून उड्डाणापर्यंत सगळं ऐकून, पाय दुखायला लागल्यावर जायचं. पण कुरणाकडची खिडकी त्यांनी कधी उघडली नाही. निवृत्त झाले तेव्हा आम्ही त्यांना काठी भेट दिली. ती त्यांनी छत्र्यांमध्ये ठेवून दिली.

चौथ्या वर्षी आमच्यावर पुन्हा गंडांतर आलं. एवढी वर्षं पक्षी सोडले, त्यांच्यापैकी एकाचं तरी पिल्लू रानात जन्मलं का, असं देणगीदार विचारायला लागले. नसेल तर हे सगळं कशासाठी? प्रश्न चुकीचा नव्हता. उत्तर द्यायला वर्षअखेरपर्यंत मुदत होती, नाहीतर केंद्राला कुलूप. आणि कंपनीने दिलेल्या कड्या पाण्यात ठिसूळ होऊन गळून पडल्या होत्या. कोणता पक्षी आमचा, कोणता रानातला, कशावरून ओळखायचं?

तेवढ्यात निरोप आला. अर्ध्या दिवसाच्या वाटेवर एका पाणथळीत एक जोडी दिसली होती, सोबत पिल्लू. पायात कडी नाही. डॉक्टर म्हणाले, बघून येऊ, पण सिद्ध काय करणार. मी म्हटलं, गाडीत दोन जागा ठेवा. आणि जाऊन ताईला आणि भाऊजींना घरातून उचललं.

पाणथळीच्या काठाला लव्हाळ्यात आम्ही चौघं ओणवे बसलो. भाऊजी रस्ताभर बोलत आले होते, इथे गप्प. बऱ्याच वेळाने लव्हाळी हलली आणि एक नर बाहेर आला, सरळ, ऐटदार. डॉक्टरांनी मान हलवली. मग मादी आली. एक, दोन, तीन.

झोक.

ताईने माझा दंड असा आवळला की वळ दोन दिवस राहिला. भाऊजी हलले नाहीत. त्यांच्या उजव्या हाताची चोच झाली होती. मग मादीच्या मागून, गवतातून, गुडघाभर उंचीचं, तांबूस, हडकुळं पिल्लू आलं. आईच्या अगदी पायाशी. एक, दोन, तीन, आणि आमच्या देखत, ज्याने भाऊजींना जन्मात पाहिलं नव्हतं ते पोर डावीकडे झुकलं.

"अकरावीचं आहे," भाऊजी म्हणाले. माणसाचा आवाज काढू नये हा नियम मोडून, मोठ्याने म्हणाले. "आमचं आहे!" ते हसत होते आणि त्यांची दाढी ओली झाली होती. पक्ष्यांनी माना वर करून आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा आपलं खायला लागले.

डॉक्टरांनी चित्रण केलं, जुन्या चित्रणाशी ताडून बघितलं, मॅडमनी मान्य केलं, आणि केंद्राला कुलूप लागलं नाही. हे सगळं मी रीतसर लिहिलं. परत येताना भाऊजी गाडीपर्यंत सगळ्यांच्या पुढे चालत होते, चौथ्या पावलाला झुकत, लोकांना दिसतंय याची पर्वा न करता. मागून ताई. देवाशपथ सांगते, तीसुद्धा झुकत होती.

अहवालाच्या अर्जात शेवटून दुसरा रकाना असतो, 'ओळख कशावरून पटली'. तिथे मी लिहिलं, चालीवरून. त्याच्याखाली 'शेरा' असा रकाना आहे. तो मी बारा-तेरा वर्षं रेघ मारून सोडून देत आले होते. या खेपेला तिथे एक ओळ लिहिली, आणि मॅडमनी ती न खोडता खाली सही केली:

पिल्लू आजोबांवर गेलंय.